११ मार्चचे दिनविशेष आणि फाल्गुन अमावास्या

महोदय,

आपल्या दैनिकाच्या ११ मार्चच्या अंकातील दिनविशेष सदरात राजघराण्यांच्या चार नोंदी एकाखाली एक होत्या : छत्रपती संभाजी महाराजांचे बलिदान (१६८९), नेपोलियन व ऑस्ट्रियाची राजकन्या मेरी लुईझ यांचा विवाह (१८१०), बडोद्याचे महाराजा सयाजीराव गायकवाड यांचा जन्म (१८६३) आणि डेन्मार्कचे राजे नववे फ्रेडरिक यांचा जन्म (१८९९). आमच्या कॉलनीतील वाचनालयाच्या फळ्यावर हे सदर रोज सकाळी खडूने उतरवण्याचे काम गेली काही वर्षे माझ्याकडे आहे. त्या दिवशी पहिली ओळ लिहून होते न होते तोच मागे उभ्या असलेल्या शाळकरी मुलीने विचारले, "आजोबा, संभाजी महाराज पाडव्याच्या आदल्या दिवशी गेले ना? मग आज तर अमावास्या नाही."

मुलीचे म्हणणे बरोबर होते आणि दरवर्षी हीच ओळ डोळे मिटून लिहिणारा मी निरुत्तर झालो. महाराजांचा मृत्यू फाल्गुन अमावास्येला, शके १६१० मध्ये झाला. वढू बुद्रुकला लोक आजही त्याच तिथीला जमतात. सध्याच्या कॅलेंडरात फाल्गुन अमावास्या ११ मार्चइतक्या लवकर येत नाही. घोळ आहे तो कालगणनेचा. इंग्रजांनी १७५२ पर्यंत जुनी ज्युलियन कालगणना चालवली आणि त्या वर्षी २ सप्टेंबरनंतर एकदम १४ सप्टेंबर धरून नवी स्वीकारली. मराठ्यांच्या इतिहासातील त्यापूर्वीच्या ज्या इंग्रजी तारखा आपल्या तोंडी बसल्या आहेत, त्या बहुतेक जुन्या पद्धतीच्या आहेत. सतराव्या शतकात हा फरक दहा दिवसांचा आणि १७०० नंतर अकरा दिवसांचा पडतो. त्या हिशेबाने १६८९ चा ११ मार्च म्हणजे आजच्या गणनेतील २१ मार्च. योगायोग असा की, २०२३ साली पाडवा २२ मार्चला आला होता आणि २१ मार्चला अमावास्या होती. म्हणजे त्या वर्षी तिथी आणि खरी तारीख एकत्र आली, आणि आमच्या फळ्यावर मात्र दहा दिवस आधीच श्रद्धांजली वाहून झाली होती.

हे एकाच नोंदीपुरते नाही. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाचा ६ जून १६७४ (ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६) नव्या गणनेने १६ जून होतो आणि रावेरखेडीला झालेल्या थोरल्या बाजीरावांच्या मृत्यूची २८ एप्रिल १७४० ही तारीख ९ मे होते. उलट थोरले माधवराव थेऊरला गेले ती १८ नोव्हेंबर १७७२ किंवा आमच्या शेजारच्या आनंदवल्लीशी ज्यांचे नाव जोडलेले आहे त्या राघोबादादांच्या मृत्यूची ११ डिसेंबर १७८३ या तारखांना हात लावण्याची गरज नाही, कारण त्या १७५२ नंतरच्या आहेत.

यावर आपण सगळ्या तारखा बदलून छापाव्यात, असे माझे मुळीच म्हणणे नाही. शिवजयंती तारखेने १९ फेब्रुवारीला करायची की तिथीने फाल्गुन वद्य तृतीयेला, हा वाद महाराष्ट्राला पुरून उरला आहे. त्यात नव्या गणनेने येणारी १ मार्चची तिसरी जयंती कोणालाच नको. विनंती एवढीच की १७५२ पूर्वीच्या नोंदीपुढे तिथी व शक छापावा आणि तारीख जुन्या गणनेची असल्याचे दोन शब्दांत सांगावे.

आता उरलेल्या नोंदींविषयी. नेपोलियनच्या विवाहाला आपण सचित्र चौकट दिलीत. परंतु ११ मार्चला व्हिएन्नात जो विधी झाला, त्याला नवरदेव हजरच नव्हता, त्याच्या जागी वधूचे काका आर्चड्यूक चार्ल्स उभे राहिले होते, आणि पॅरिसचा विवाहसोहळा एप्रिलच्या पहिल्या दोन दिवसांत झाला. याउलट ज्या नोंदीत कालगणनेचा काही घोळ नाही आणि जी थेट आपल्या जिल्ह्यातली आहे, त्या सयाजीरावांना अर्धी ओळ मिळाली आणि तीही जन्मगावाशिवाय. मालेगाव तालुक्यातील कवळाणे येथे काशीराव गायकवाडांच्या घरी गोपाळराव म्हणून जन्मलेला हा मुलगा, इंग्रजांनी बडोद्याच्या गादीवरील मल्हारराव गायकवाडांना पदच्युत केल्यावर, मे १८७५ मध्ये खंडेराव महाराजांच्या विधवा जमनाबाईंनी दत्तक घेतला. त्यानेच पुढे १८९३ साली अमरेली तालुक्यात आणि १९०६ साली संपूर्ण संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले आणि १९१३ साली अमेरिकेत शिकायला निघालेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना शिष्यवृत्ती दिली. नाशिक आवृत्तीत 'कवळाणे' हे तीन अक्षरी... नव्हे, चार अक्षरी नाव छापायला जागा निघू नये, याचे नवल वाटते.

त्या सकाळी फळ्यावरची पहिली ओळ मी पुसली नाही. तिच्यापुढे 'फाल्गुन अमावास्या, शके १६१०' एवढे लिहिले, सयाजीरावांच्या ओळीत कवळाण्याची भर घातली आणि जागा अपुरी पडू लागली तेव्हा नेपोलियनला पुसले.

आपला,
एक नियमित वाचक,
गंगापूर रोड, नाशिक