ज्यांनी बाबांना डिंकिनेश दाखवली, त्यांना

प्रिय दादा,

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं, याची चुटपुट अजून आहे. इथिओपियाच्या राष्ट्रीय संग्रहालयात, तळघरात उतरणाऱ्या जिन्यापाशी तुम्ही भेटलात. बाबांच्या हातातली पांढरी काठी पाहिलीत आणि मला नाही, थेट बाबांनाच विचारलंत, "अबाबा, पायऱ्या मोजत उतरू या का?" तुमच्या अमहारिक भाषेत वडिलांना अबाबा म्हणतात, हे मला नंतर कळलं. बाबांना मात्र त्या एका हाकेनेच घरच्यासारखं वाटलं.

बाबांनी तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत इतिहास शिकवला. काचबिंदूने दृष्टी गेली त्याला आता सहा वर्षं झाली. दार-एस-सलामला भावाकडे जाताना इथिओपियाच्या राजधानीत, अदिस अबाबाला, विमान बदलायचं होतं, मध्ये अख्खा दिवस हाताशी होता, आणि बाबांनी महिनाभर आधीपासून धोशा लावला होता : हबशांचा देश आहे, संग्रहालय बघायचंच. मीच कचरत होते. आमच्याकडच्या एका संग्रहालयात तिकीट खिडकीवर ऐकलं होतं, "यांना दिसत नाही ना, मग यांचं तिकीट कशाला काढता?" त्या दिवशी बाबा आत आलेच नाहीत, बाहेरच्या बाकावर बसून राहिले.

तुम्ही त्यांना काचेच्या पेटीसमोर उभं केलंत आणि आधी खरं ते सांगितलंत, की ल्यूसीची, म्हणजे लाखो वर्षांपूर्वीच्या दोन पायांवर चालणाऱ्या मानवसदृश मादीची, ही हाडं म्हणजे साच्यातून काढलेली प्रतिकृती आहे, मूळ हाडं संग्रहालयाच्या तिजोरीत असतात. मग म्हणालात, "म्हणजे अबाबा, खरी ल्यूसी या खोलीत कुणालाच दिसत नाहीये." बाबांच्या चेहऱ्यावरचा ताण तेव्हा गेला. मी पाहत होते.

पुढचा पाऊण तास मी जन्मात विसरणार नाही. तुम्ही ल्यूसी बाबांच्याच अंगावर दाखवलीत. परवानगी विचारून खालच्या जबड्यावर बोट ठेवलंत : हा आहे. कवटी? तिचे थोडेच तुकडे. उजवा दंड आहे. बरगड्या, काही. कमरेचं डावं हाड आहे, डावी मांडी आहे, उजवी नाही. जवळजवळ चाळीस टक्के सांगाडा, ३२ लाख वर्षांपूर्वीचा. मग बाबांचा हात धरून त्यांच्याच कमरेच्या थोडा वर टेकवलात : एवढी उंच, साडेतीन फूट. "पहिलीतलं पोर!" बाबा म्हणाले. तुम्ही म्हणालात, नाही, पूर्ण वाढ झालेली बाई, तिला अक्कलदाढ आली होती. बाबांनी नकळत स्वतःची दाढ गालावरून चाचपली.

आणि तो गुडघा. तुम्ही बाबांचं बोट त्यांच्या कमरेपासून मांडीवरून खाली सरकवत नेलंत आणि विचारलंत, हाड सरळ जातंय की आत वळतंय? आत वळत होतं. तसं वळल्यामुळेच पावलं शरीराखाली येतात आणि एका पायावर तोल राहतो. चिंपांझीचं मांडीचं हाड सरळ उतरतं, म्हणून तो दोन पायांवर चालला की डुलतो. ल्यूसीचा गुडघा आपल्यासारखा. चालणं आधी आलं, मोठा मेंदू फार नंतर. बाबा बराच वेळ मांडीवर हात ठेवून गप्प उभे होते.

तिचं तुमच्याकडचं नाव तुम्ही दोनदा म्हणून दाखवलंत : डिंकिनेश, म्हणजे 'तू अद्भुत आहेस'. बाबांना ते ल्यूसीपेक्षा आवडलं. आता घरात तेच चालतं.

वरच्या मजल्यावरची, तुमचे चित्रकार अफेवर्क टेकले यांची चित्रं मी घाईत पाहिली. सम्राट हैले सेलासी यांच्या कोरीव लाकडी सिंहासनापाशी मात्र बाबा थांबले. १२ सप्टेंबर १९७४ ला सम्राटांना पदच्युत केलं आणि २४ नोव्हेंबर १९७४ ला तुमच्याच देशातल्या हादारला डिंकिनेश सापडली, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा इतिहासाच्या मास्तरांना काय आनंद झाला म्हणून सांगू! त्या दिवसापासून येईल त्याला ते या दोन तारखा ऐकवतात.

मग बाबांची पाळी आली. त्यांनी तुम्हाला मलिक अंबर सांगितला. तुमच्या मुलखात जन्मलेला, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला, बगदादमार्गे दख्खनला आलेला आणि पुढे निजामशाहीचा कारभार हातात घेऊन मुघलांना जेरीस आणणारा. त्याने १६१० मध्ये वसवलेलं खडकी हेच आमचं छत्रपती संभाजीनगर. त्याची नहर, जमिनीखालून खापरी नळांतून आणलेलं पाणी, शहाजीराजांची त्याला मिळालेली साथ, सगळं बाबांनी वर्गात शिकवावं तसं सांगितलं. तुम्ही वही काढलीत, त्याची कबर असलेल्या गावाचं नाव, 'खुलताबाद', तीनदा म्हणायला लावलंत आणि तुमच्या लिपीत लिहून घेतलंत. सहा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी बाबांच्या तोंडून ऐकून टिपण काढत होतं. दादा, हे तुम्हाला ठाऊक असणं शक्य नव्हतं, म्हणून मुद्दाम लिहिते.

बाबा म्हणाले, पत्र मराठीतच लिही, आपलं मन आपल्या भाषेतच नीट उतरतं. तुमचा शब्द मी पाठ केला आहे : बेताम अमेसेगनाल्लेहू. खूप खूप आभार.

कधी इकडे आलात तर खुलताबादला मलिक अंबरच्या कबरीपर्यंत बाबा तुम्हाला हात धरून नेणार आहेत. ती वाट त्यांना पाठ आहे.

तुमच्या अबाबांची लेक