शेजारच्या आजींना, लेकीच्या पहिल्या हिना मात्सुरीबद्दल

आदरणीय आजी,

साष्टांग नमस्कार.

तुम्हाला जपानी भाषेतील पत्र गेल्या आठवड्यात टपालाने पाठवले आहे. ते लिहून झाल्यावर लक्षात आले, की मला जे सांगायचे होते त्यातील निम्म्याहून अधिक माझ्याजवळच राहिले आहे आणि ते मराठीतच आहे. म्हणून हे दुसरे पत्र मराठीत, उघडपणे लिहीत आहे. त्याचा अर्थ तुम्हाला समजावून सांगण्याचे तुमच्या लेकीने फोनवर कबूल केले आहे.

आमची मुलगी २०२३ च्या नोव्हेंबरात तोक्योमध्ये जन्मली. बाळंतपणासाठी माझी आई येणार होती, परंतु ऐन वेळी तिच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया करावी लागली आणि तिचे येणे रद्द झाले. बारसे आम्ही फोनच्या पडद्यासमोर केले. पाळणा म्हणणाऱ्या बायका साताऱ्यात आणि पाळणा तोक्योतील निशी-कासाईत, अशी ती गत होती. फेब्रुवारीत तुम्ही दारावरची घंटा वाजवून विचारलेत, की बाळाचा हा पहिला सेक्कू, म्हणजे पहिला सण, तर बाहुल्या कोण देणार? मला प्रश्नच समजला नाही. तेव्हा तुम्ही उंबऱ्यातच उभ्या राहून सांगितलेत, की ३ मार्चला मुलींच्या सुखरूप वाढण्यासाठी हिना मात्सुरी, म्हणजे बाहुल्यांचा सण करतात आणि पहिल्या वर्षी बाहुल्या बहुधा आईच्या माहेरहून येतात. माझी आई येऊ शकत नाही हे कळल्यावर तुम्ही क्षणभर थांबलात आणि म्हणालात, “मग यंदा तिचे आजोळ मी.” आजी, ते वाक्य मी त्या दिवशी आईला जसेच्या तसे सांगितले आणि पलीकडे बराच वेळ कोणी काही बोलले नाही.

त्यानंतरच्या रविवारी तुम्ही तातामीच्या, म्हणजे गवती चटयांच्या खोलीतील ओशिइरे, म्हणजे भिंतीतले कपाट उघडून आतून खोकी काढलीत. तुमच्या लेकीच्या बाहुल्या त्या, तिचे लग्न झाल्यापासून बहुतेक बंदच राहिलेल्या. तुम्ही मला सुती हातमोजे दिलेत आणि चेहऱ्याला बोट लावायचे नाही, असे दोनदा बजावलेत. कारण तो चेहरा गोफुनचा, म्हणजे शिंपल्यांच्या भुकटीचा लेप देऊन घडवलेला, आणि बोटांचे तेल त्यावर एकदा लागले की डाग पडतो. प्रत्येक चेहऱ्याभोवती पातळ पांढरा कागद गुंडाळलेला होता. तुम्ही तो सोडवत होतात ते झोपलेल्या मुलाच्या तोंडावरचे पांघरूण बाजूला करावे तसे. सम्राज्ञीच्या मुकुटाच्या बारीक साखळ्या केसांत अडकल्या होत्या, त्या तुम्ही काडीने एकेक करून मोकळ्या केल्यात. त्या कामाला वीस मिनिटे लागली आणि तेवढ्या वेळात आपण दोघीही एक शब्द बोललो नाही.

लाल कापड अंथरलेल्या सात पायऱ्यांवर पंधरा बाहुल्या बसल्या. सर्वांत वर सोनेरी पडद्यापुढे सम्राट आणि सम्राज्ञी, खाली तीन दासी, त्याखाली पाच वादक, मग दोन मंत्री आणि पाचव्या पायरीवर तीन सेवक, ज्यांच्यापैकी एक रडतो, एक रागावतो आणि एक हसतो. शेवटच्या दोन पायऱ्यांवर कपाटे, आरसा, शिवणाची पेटी, पालखी आणि बैलगाडी, असे नववधूचे रुखवत. रुखवत हा शब्द मी मोठ्याने उच्चारला आणि त्याचा अर्थ सांगितला, तेव्हा तुम्ही तो दोनदा म्हणून पाहिलात. तुम्ही मूळच्या क्योतोच्या, त्यामुळे तुमच्या मांडणीत सम्राट पाहणाऱ्याच्या उजवीकडे बसतो. तोक्योच्या दुकानांत तो डावीकडे असतो. आमच्याकडे पूजेला बसताना पत्नी पतीच्या उजव्या हाताला बसते आणि क्योतोच्या पद्धतीत नेमके तसेच होते, म्हणून मला तुमचीच मांडणी आपली वाटली. ती मी बदलणार नाही.

एका गोष्टीचे आभार मात्र निराळे मानले पाहिजेत. बाहुली ही ज्या मुलीची तिचीच, तिच्यावरचे अरिष्ट ती स्वतःवर घेते, म्हणून दुसऱ्या मुलीला ती देऊ नये, असे तुमच्याकडे अनेक जण मानतात. फार पूर्वी कागदाची बाहुली अंगावरून फिरवून पाण्यात सोडत आणि काही गावांत नागाशि-बिनाच्या रूपाने ती रीत अजून चालते, हेही तुम्हीच सांगितलेत. आमच्या बाळाला उसनी बाहुली नको, म्हणून तुम्ही वाशी या जपानी कागदाची दोन लहान माणसे घडी घालून केलीत. एकाचा किमोनो हळदीच्या रंगाचा होता, कारण आमच्या दारावरच्या तोरणात तुम्ही तो रंग पाहिला होता. ती जोडी सर्वांत खालच्या पायरीवर ठेवून तुम्ही बाळाला म्हणालात, “या तुझ्या, वरच्या सगळ्या पाहुण्या.”

२०२४ मधील ३ मार्च रविवारी आला. आम्ही मासे खात नाही हे लक्षात ठेवून तुम्ही चिराशिझुशी, म्हणजे वर जिन्नस पसरलेला आंबट भात, कमळकाकडी, गाजर आणि शिताके अळंबीचा केलात आणि भाताच्या चवीसाठीही माशाचा अर्क न वापरता कोम्बू या समुद्री शेवाळाचे पाणी घेतलेत. शिंपल्यांचे सार तुम्ही एकट्यानेच घेतलेत, पण रिकामा शिंपला माझ्या तळहातावर ठेवून दाखवलेत, की याचे दुसरे अर्धे याच्याशीच जुळते, दुसऱ्या कोणत्याही शिंपल्याशी नाही. हिशिमोची या तांदळाच्या वडीचे गुलाबी, पांढरे आणि हिरवे थर बाळ टक लावून पाहत होते. पुढच्या वर्षी आम्ही तोक्योशेजारच्या चिबा प्रांतातील कात्सुउरा येथे गेलो, जिथे देवळाच्या साठ दगडी पायऱ्यांवर सुमारे १,८०० बाहुल्या मांडतात. ते दृश्य भव्य आहे यात शंका नाही. पण मला आठवत राहिली ती तुमची सहा तातामींची खोली.

या सणाला मोमो नो सेक्कू, म्हणजे पीचच्या फुलांचा सण म्हणतात, मग फुले दुकानातून का आणावी लागतात, असे मी विचारले होते. १८७३ मध्ये जपानने नवे कॅलेंडर स्वीकारले आणि तिसऱ्या चांद्रमासाच्या तृतीयेचा सण थंडीतल्या ३ मार्चला येऊ लागला, असे तुम्ही सांगितलेत. त्याच २०२४ च्या एप्रिलमध्ये मी तुम्हाला चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला बोलावले. छोट्या झोपाळ्यात अन्नपूर्णा, पुढे पायऱ्यांची आरास, कैरीची डाळ, पन्हे आणि भिजवलेले हरभरे. चैत्रात गौर महिनाभर माहेरी येते, एवढे मी सांगितले आणि तुम्ही उठून घरी गेलात. परतलात ते जुनी तिथी छापलेले तुमचे भिंतीवरचे कॅलेंडर घेऊन. आमच्या कालनिर्णयाशेजारी ते धरलेत. ११ एप्रिल, चैत्र शुद्ध तृतीया. आणि तुमच्या बाजूला जुन्या पंचांगाचा तिसरा महिना, तिसरा दिवस. दोन्ही देशांच्या लेकींचा दिवस त्या वर्षी एकाच चौकोनात आला होता. तुमची ओटी भरताना माझे हात थरथरत होते, ते त्यामुळे.

बाहुल्या उशिरा आवरल्या तर मुलीचे लग्न लांबते, असे लोक म्हणतात. तुम्ही ते मला कधीच सांगितले नाहीत. कोरडे ऊन असेल त्या दिवशी आवर, ओल लागू देऊ नकोस, एवढेच म्हणालात. त्याबद्दलही मी ऋणी आहे.

गेल्या वर्षी शरदात तुम्ही नागोयाला लेकीकडे राहायला गेलात आणि जाताना तिच्या संमतीने ती सारी खोकी आमच्या घरी ठेवलीत. यंदा सात पायऱ्या पहिल्यांदा आमच्या खोलीत उभ्या राहिल्या. मुलगी आता सव्वादोन वर्षांची आहे. तिने हसऱ्या सेवकाला पाहून ‘आजी’ म्हटले आणि चेहऱ्याला हात न लावता लांबूनच नमस्कार केला. ६ मार्चला ऊन चांगले होते. कागद गुंडाळून सर्व बाहुल्या आत ठेवल्या आहेत. कागदाची जोडी मात्र देवघराजवळच आहे.

दोन्ही पंचांगांत अधिक महिना वेगवेगळ्या वेळी येत असल्याने यंदा तुमची जुनी तृतीया चैत्रात येत नाही. ती १९ एप्रिलला, आमच्या अक्षय्य तृतीयेला येते. गौरीचे माहेरपण त्या दिवशी संपते. तोवर झोपाळा हलवणार नाही. कैरीची डाळ तुमच्यासाठी कमी तिखट करीन. लेकीला घेऊन त्या दिवशी अवश्य यावे, ही विनंती.

तुमची,
निशी-कासाईची शेजारीण