तो फोटो मोरेलचा नव्हता

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत घरच्या बागेत मोरेल अळंबी कशी पिकवावी यावर अर्ध्या पानाचा लेख होता. त्यासोबत छापलेला मोठा रंगीत फोटो मोरेलचा नाही. तो जायरोमिट्राचा आहे. या अळंबीला 'फॉल्स मोरेल' म्हणतात आणि ती विषारी आहे. लेखाबद्दल मला आणखी बरंच म्हणायचं आहे, पण जागेअभावी पत्र कापावं लागलं तर निदान एवढा परिच्छेद ठेवा.

पॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये माझी तीस वर्षं गेली. काहीही हातात आलं की आधी उभं चिरून आत बघायचं, ही सवय निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. मोरेलच्या बाबतीत ती फार उपयोगी पडते. खऱ्या मोरेलच्या टोपीवर मधमाशीच्या पोळ्यासारखे खड्डे असतात आणि खड्ड्यांमध्ये कंगोरे. तुमच्या फोटोत खड्डा एकही नाही. आहेत त्या घड्या, मेंदूसारख्या, तांबूस तपकिरी आणि चकचकीत. टोकापासून देठाच्या बुडापर्यंत सुरीने उभी चिरली तर मोरेल आतून एकसंध पोकळ निघते. साच्यात ओतून काढल्यासारखी एकच पोकळी, आणि टोपीची खालची कड देठालाच जुळलेली. जायरोमिट्रा चिरली तर आत वेड्यावाकड्या घड्या आणि कप्पे दिसतात. व्हर्पा नावाची आणखी एक बहुरूपी आहे. तिची टोपी फक्त शेंड्याला चिकटलेली असते आणि कडा मोकळ्या लोंबतात, बोटावर अंगुस्तान चढवावं तशी.

गंमत म्हणजे जायरोमिट्रा आणि मोरेल, दोघींच्या एकेका प्रसिद्ध जातीच्या लॅटिन नावात 'एस्क्युलेंटा' आहे, म्हणजे 'खाण्याजोगी'. नाव ठेवणाऱ्यांच्या भरवशावर राहू नये ते असं. जायरोमिट्रातल्या जायरोमिट्रिनपासून पोटात मोनोमिथाइल हायड्रॅझिन तयार होतं. हेच रसायन रॉकेटच्या इंधनात वापरतात. ते यकृतावर आणि मज्जासंस्थेवर घाला घालतं. ही अळंबी उकळताना निघणारी वाफसुद्धा बाधते, तेव्हा 'नीट शिजवली की चालते' हा युक्तिवाद तिच्यासाठी कुणी करू नये.

आता खऱ्या मोरेलकडे येते, कारण लेखातली दुसरी चूक तिच्याबद्दल आहे. लेखिका म्हणतात, घरची मोरेल ताजी तोडून पातळ काप करून सॅलडवर घाला. हे वाचून मी पान खाली ठेवलं. मोरेल कच्ची खायची नसते. रानातली नाही, बागेतली नाही, कुठलीच नाही. २०२३ च्या मार्च-एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात बोझमन इथे एकाच ठिकाणी जेवलेल्या ५१ जणांना बाधा झाली आणि त्यातले दोघं दगावले. तपासात बोट वळलं ते कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या मोरेलकडे. आणि ती मोरेल रानातली नव्हती, चीनमध्ये लागवड केलेली होती. 'घरी पिकवली म्हणजे सुरक्षित' ही समजूत म्हणूनच धोक्याची. वरून गरम काहीतरी ओतलं, किंवा भांड्यात दोन मिनिटं परतली, तर ते शिजवणं नव्हे. मी तरी स्वयंपाकघराची खिडकी उघडी ठेवून, सुटलेलं पाणी आटून तुकडे मऊ होईपर्यंत शिजवते. पहिल्यांदा खाणाऱ्याने दोन-चार तुकड्यांवर थांबावं. सोबत मद्य नको, काहींना त्या जोडीने हमखास त्रास होतो.

एवढं सांगून झालं. आता लागवड.

हिमालयात जिला गुच्छी म्हणतात ती अळंबी याच कुळातली. तुमच्या लेखाप्रमाणे ती सहा आठवड्यांत वाफ्यात उगवते. मी चार वर्षं या नादात घालवली आहेत आणि वहीत तारीखवार नोंदी आहेत, म्हणून लिहिते. पहिल्या शरदात विकतचं किट आणलं. भुशात वाढवलेलं बियाणं, म्हणजे स्पॉन, आणि एक घडीपत्रक. झाडाच्या सावलीत चार फूट बाय चार फुटांचा वाफा केला, लाकडाचे तुकडे मिसळले, सांगितलं तसं पाणी घातलं. पहिल्या वसंतात काही नाही. दुसऱ्या वसंतात एका सकाळी ह्यांनी खिडकीतून हाक मारली, "आली गं तुझी!" मी अनवाणी धावले. तपकिरी, कानाच्या पाळीसारख्या वाट्या होत्या. पेझिझा. मोरेलची लांबची नातलग, पण ज्यांची वाट बघावी ते पाहुणे हे नव्हेत.

लेखात राखेचा उल्लेख 'गुपित' म्हणून आहे. ऐकीव गोष्ट आहे, पण निराधार नाही. जंगलात वणवा लागून गेला की पुढच्या वसंतात काही जातींच्या मोरेल जळक्या जमिनीवर अक्षरशः पेरल्यासारख्या उगवतात. पण वणवा म्हणजे नुसती राख नव्हे. मेलेली मुळं, भाजलेली माती, मरून गेलेले इतर जीव, मोकळी झालेली जागा, असं सगळं त्यात येतं. मी मात्र बादलीभर राख वाफ्यात ओतली. मोरेलच्या मातीचा सामू, म्हणजे पीएच, सातच्या आसपास किंवा जरासा वर असावा. माझा पट्टीवर नऊच्या पुढे गेला आणि वाफ्याच्या कडेचं गवत पिवळं पडलं. राख घालायची तर मूठभर, आणि आधी सामू तपासून.

जुनी मोरेल मिक्सरमध्ये फिरवून, मळी आणि चिमूटभर मीठ घातलेल्या पाण्यात ठेवून झाडाखाली ओतायची, हा दुसरा 'हमखास' उपाय. मी त्यातला एक थेंब स्लाइडवर घेतला. दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली बघते तर बीजाणूंना दोन्ही टोकांनी कोंब फुटलेले. किती आनंद झाला! पण मोरेलचा बीजाणू रुजणं ही सोपी पायरी आहे. अडतं त्यापुढे. धागे जमिनीत पसरतात, अन्न साठवून त्यांच्या कडक गाठी बनतात, त्यांना स्क्लेरोशिया म्हणतात. त्या गाठींतून पुन्हा धागेच निघणार की अळंबी येणार, हे थंडी, ओलावा आणि अन्नाची अचानक झालेली टंचाई यांवर ठरतं. नेमक्या या वळणावर शंभरेक वर्षं भले भले लोक हरले. रोनाल्ड ओवर या संशोधकाने १९८२ साली बंदिस्त जागेत मोरेल वाढवून तिच्या वाढीचे टप्पे नोंदवले, १९८६ मध्ये त्या पद्धतीचं पेटंट निघालं, आणि तरीही पुढची कित्येक वर्षं ती कुणाच्या परसात आली नाही. डेन्मार्कमध्ये जेकब आणि कार्स्टन कर्क या जुळ्या भावांनी घराच्या आत वर्षभर मोरेल काढायची पद्धत २०२१ मध्ये जाहीर केली. त्यामागे त्यांची जवळपास चाळीस वर्षं होती. आपल्या लेखात सहा आठवडे!

आजच्या घडीला बागेत करून बघण्याजोगी पद्धत एकच, चीनमध्ये गेल्या दशकभरात शेतावर रुळलेली, पोषण-पिशव्यांची. तिसऱ्या शरदात मी तीच केली. हवा गार झाल्यावर मोरेलच्या इम्पोर्च्युना या जातीचं स्पॉन वाफ्यात विस्कटून वर दोन बोटं माती टाकली. नवव्या दिवशी सकाळी माती पांढरी दिसली. मला वाटलं दव गोठलंय. बोट लावलं तर बोटाला पिठी लागली. हे बुरशीचे कोनिडिया, म्हणजे धाग्यांवर थेट धरणारे बीजाणू, आणि ते दिसले की पिशव्या ठेवायच्या. गहू भिजवून, तूस आणि चिमूट चुना मिसळून, उष्णता सोसणाऱ्या पिशव्यांत भरून मी ते प्रेशर कुकरमध्ये दोन तास वाफवून ठेवलं होतं. पिशवीच्या एका अंगाला चिरा द्यायच्या आणि ती बाजू मातीवर दाबून बसवायची. जमीन उपाशी आणि पिशवी भरलेली, म्हणून धागे वर पिशवीत चढतात आणि तिथलं अन्न मातीत ओढून नेतात. साधारण दीड महिन्याने पिशव्या काढून टाकायच्या. ताट अचानक उचललं जातं. अळंबी धरायचा निर्णय बुरशी बहुधा तेव्हा घेते.

मी उचललेली पिशवी हाताला विचित्र हलकी लागली. दाणे जागच्या जागी होते, पांढऱ्या जाळ्यात अडकलेले. चिमटीत एक दाबला तर नुसतं साल. आतलं पीठ गायब! तीस वर्षं मांसाचे पातळ काप बघितलेल्या बाईला त्या रिकाम्या गव्हाने जेवढं चकित केलं तेवढं फार थोड्या गोष्टींनी केलं असेल.

वसंताच्या तोंडाशी भिंगातून टाचणीच्या डोक्याएवढे राखाडी ठिपके दिसले. अकरा. मी मोजले, ह्यांनी मोजले, पुन्हा मी मोजले. मग तीन दिवस ऊन तापलं. मोरेलला या काळात हवा साधारण दहा ते अठरा अंशांच्या दरम्यान लागते आणि मातीची वरची कातडी कायम ओलसर. मी एक दिवस बाहेरगावी होते. परत आले तेव्हा अकराच्या अकरा करपून तपकिरी झालेले. शेडनेट घरात होतं, गुंडाळलेलं. अजून त्या गुंडाळीकडे बघवत नाही.

चौथ्या वर्षी त्याच वाफ्यात तेच केलं तर हिरवी बुरशी आली आणि सगळं खाऊन गेली. एकाच मातीत मोरेल लागोपाठ घेतली की पीक खालावतं, चीनमधले शेतकरीही म्हणून जागा बदलतात. हे मी वाचलं होतं. वाफा खणून तयार होता, आळस केला.

आणि त्याच वसंतात सात मोरेल आल्या. वाफ्यात नाही. बागेच्या नळाकडे जाणाऱ्या खडीच्या वाटेला, जिथे आदल्या वर्षीच्या रिकाम्या पिशव्या मी झटकल्या होत्या आणि चिखल होऊ नये म्हणून लाकडाचे तुकडे पसरले होते. सर्वांत मोठी नऊ सेंटिमीटर, धुरकट करडी, कंगोरे काळपट. एक उभी चिरली: पोकळ. टोपीचा कण स्लाइडवर घेतला: लांब नळ्या, आणि प्रत्येक नळीत आठ बीजाणू, शेंगेतल्या दाण्यांसारखे ओळीने. व्हर्पा बोहेमिका या जातीच्या नळीत सहसा दोनच असतात, मोठे. बाकीच्या सहा शिजवून खाल्ल्या. चव चांगली होती, चार वर्षांच्या मानाने थोडी.

त्या माझ्या स्पॉनच्या की वाऱ्यावर आलेल्या, हे डीएनए तपासल्याशिवाय सांगता येणार नाही, कारण लाकडाच्या तुकड्यांवर मोरेल आपणहूनही उगवतात. किट विकणाऱ्यांची 'यशोगाथा' वाचताना वाचकांनी हा मुद्दा जरूर ध्यानात ठेवावा. अर्ध्या यशोगाथा माझ्या खडीच्या वाटेसारख्या असणार. तरीही करून बघायचंच असेल तर जरूर बघा, पण दरवर्षी नवा वाफा, थर्मामीटर आणि उघडलेलं शेडनेट घेऊन. जुन्या सफरचंदबागेची जमीन मात्र टाळा. तिथे पूर्वी लेड आर्सेनेट हे कीटकनाशक फवारत, आणि मोरेल शिसं व आर्सेनिक मातीतून उचलू शकते.

माझ्या जाऊबाईंनी तुमचं ते पान कापून फ्रिजवर लावलं आहे, ओळखायला सोपं जावं म्हणून. फोनवर मी त्यांना ते काढायला सांगितलं तर म्हणाल्या, "पेपरात आलंय ना पण!" तेव्हा दुरुस्ती आतल्या पानावर दोन ओळींत नको, त्याच पुरवणीत, तेवढ्याच मोठ्या फोटोसह द्या, म्हणजे त्यांना जुन्याच्या जागी लावता येईल. उभ्या चिरलेल्या मोरेलचा फोटो सोबत जोडला आहे. शेजारची पट्टी सेंटिमीटरची आहे. छापताना पट्टी कापू नका.

आपली,
एक निवृत्त लॅब टेक्निशियन