कार्ड विकताना मराठी, अटी मात्र इंग्रजीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या पेपरात मधे पैशापाण्याच्या पानावर पहिलं क्रेडिट कार्ड कसं निवडावं यावर लेख आला होता. लेख चांगला होता, मी कापून ठेवलाय. फक्त लिहिणाऱ्यांनी एक गोष्ट धरूनच चाललं होतं की माणूस चार कार्डं समोर ठेवतो, फी बघतो, व्याज बघतो, मग अर्ज करतो. आमच्याकडे कराडात असं होत नाही हो. आमच्याकडे कार्ड माणसाला निवडतं. म्हणून हे पत्र.

मी इथल्या एका पतसंस्थेत बावीस वर्षं क्लार्क आहे, म्हणजे कर्ज, हप्ता, जामीनदार, थकबाकी यातच दिवस जातो. मिस्टरांचं मोटार रिवायंडिंगचं छोटं वर्कशॉप आहे. त्यांनी आयुष्यात कुणाचं देणं ठेवलं नाही आणि हाच त्यांचा दोष निघाला. झालं असं की त्यांनी एका बँकेच्या अ‍ॅपवरून कार्डाला अर्ज केला, दोन दिवसात मेसेज आला की आमच्या अंतर्गत धोरणानुसार तुमचा अर्ज मंजूर करता येत नाही. बस, एवढंच. कारण काय, कुठं कमी पडलो, काही नाही. खरं तर रिझर्व्ह बँकेने 2022 साली कार्डांसाठी जे नियम काढले त्यात स्पष्ट आहे की अर्ज नाकारला तर नेमकं कारण लेखी कळवायचं. 'अंतर्गत धोरण' हे कारण झालं का? उद्या मी आमच्या सभासदाला असं पत्र दिलं तर तो जनरल सभेत माईक धरून उभा राहील.

मग मीच सिबिलचा, म्हणजे कोण कर्ज कसं फेडतं याची नोंद ठेवणाऱ्या कंपनीचा, रिपोर्ट काढला. वर्षातून एकदा फुकट मिळतो, सिबिलचाच नाही तर असल्या चारही कंपन्यांचा, आणि अर्ज करायच्या आधी तो बघावा हे लेखात होतं ते अगदी बरोबर. स्कोर 300 ते 900 मधे असतो म्हणतात, यांचा निघाला उणे एक. म्हणजे वाईट नाही, तर हा माणूसच आम्हाला माहीत नाही असं. आमच्या पतसंस्थेतून त्यांनी तीन वेळा कर्ज घेऊन वेळेत फेडलंय, पण आमची माहिती सिबिलकडे जातच नाही, त्यामुळे कागदावर हे काल जन्माला आले. त्यांना ते फार लागलं. एक्कावन्न वर्षांच्या माणसाला मशीन सांगतं तुमची ओळख नाही.

आणि बरोबर त्याच आठवड्यात पेट्रोल पंपावर टेबल टाकून बसलेला पोरगा भेटला. गोड बोलणारा, आपल्याच भागातला, "काका, लाइफटाइम फ्री आहे, काही लागत नाही, आधार आणि पॅन असलं की झालं." गाडीत हवा भरून होईपर्यंत फॉर्म भरून झाला. टॅब त्याच्या हातात, बोटं त्याची, यांनी फक्त मोबाईलवर आलेले तीन ओटीपी वाचून दाखवले. मी नंतर विचारलं की पहिला ओटीपी कशाचा होता, दुसरा कशाचा, तर म्हणे "अगं ते व्हेरिफिकेशनचं असतं." एक होता सिबिल बघायला परवानगी, एक आधारच्या केवायसीचा आणि शेवटचा म्हणजे मला सगळ्या अटी मान्य आहेत असा. आमच्याकडे ज्या बाईला सही येत नाही तिलाही आम्ही कर्जरोखा वाचून दाखवतो, व्याज किती, हप्ता किती, थकला तर काय, आणि मग अंगठा घेतो. इथे तीन अंगठे दिले गेले आणि वाचून दाखवलं ते एकच वाक्य, लाइफटाइम फ्री. फॉर्मवर वार्षिक उत्पन्न सहा लाख टाकलं होतं ते यांना मी सांगेपर्यंत माहीत नव्हतं, आणि कागद आले तेव्हा कळलं की फ्री फक्त पहिलं वर्ष, पुढं 499 अधिक जीएसटी, म्हणजे 589 रुपये.

मी त्या पोराला दोष देत नाही. बीकॉम झालेला असेल, दिवसाचं टार्गेट असेल, उन्हात उभा. माझा राग त्याच्यावर नाहीच.

कार्ड आलं, लिमिट 75 हजार. 2024 च्या नवरात्रात 5 ऑक्टोबरला यांनी फ्रीज घेतला, 40 हजार. 20 तारखेला बिल आलं, त्यात दोन आकडे, टोटल ड्यू म्हणजे एकूण देणं 40,000 आणि मिनिमम ड्यू म्हणजे कमीत कमी भरायची रक्कम 2,000. अ‍ॅपवर दोन्हीची बटणं शेजारीशेजारी. आमच्या मिस्टरांना वाटलं हा हप्ता. का नाही वाटणार, आयुष्यभर हप्त्याने कर्ज फेडलेला माणूस. 8 नोव्हेंबरला मुदतीच्या आत त्यांनी 2 हजार भरले आणि मला कौतुकाने सांगितलं की बघ, वेळेत भरले. त्या महिन्यात कार्ड दुसऱ्या कशाला वापरलंसुद्धा नाही.

20 नोव्हेंबरचं बिल आलं 40,642 रुपये.

ते मला फोन करून म्हणाले की बँकेचं काहीतरी चुकलंय, दोन हजार भरूनही फ्रीज महाग झाला. मी ऑफिसात बसूनच कॅलक्युलेटर काढला. व्याज महिना 3.75 टक्के, म्हणजे वर्षाला 45. पूर्ण बिल भरलं नाही की बिनव्याजी मुदत गेली, आणि व्याज बिलाच्या तारखेपासून नाही तर खरेदीच्या दिवसापासून. 40 हजारावर 34 दिवसांचे 1,677, मग 38 हजारावर 12 दिवसांचे 562, झाले 2,239, त्यावर 18 टक्के जीएसटी 403. एकूण 2,642. बँकेचं काहीच चुकलं नव्हतं, रुपयाला रुपया जुळला. त्यात ते दोन हजार कुठे गेले कळलंसुद्धा नाही. मी बावीस वर्षं व्याज काढतेय पण घरच्या माणसाचं व्याज काढताना हात जड होतो हो.

नशिबाने त्या महिन्यात माझी भिशी लागली होती, ती ओतून पूर्ण बिल भरून टाकलं. तरी पुढच्या महिन्यात दीडशे-पावणेदोनशेचं बिल आलंच, बिल निघाल्यापासून पैसे भरेपर्यंतच्या दोन-तीन दिवसांचं व्याज. पाल मेली तरी शेपूट वळवळत होतं.

आता कुणी म्हणेल की सगळं लिहिलेलं असतं, तुम्ही वाचलं नाही. बरोबर आहे, लिहिलेलं होतं. फक्त मिनिमम भरलंत तर कर्ज फेडायला महिने नि वर्षं लागतील, असा इशारा बिलावर द्यायचा नियमच आहे आणि तो दिलेला होता. तिसऱ्या पानावर, इंग्रजीत. महत्त्वाच्या अटींचा वेगळा कागदही होता, पीडीएफ, इंग्रजीत. अर्जासोबत द्यायचं एक पानी माहितीपत्रकसुद्धा होतं, तेही इंग्रजीत. पंपावरचा पोरगा मराठीत बोलला, कस्टमर केअरवाली मराठीत बोलली, थकबाकी राहिली असती तर वसुलीवालाही मराठीतच बोलला असता याबद्दल मला शंका नाही. इंग्रजी फक्त तिथेच जिथे समजून घ्यायची गरज होती.

मग मी रिझर्व्ह बँकेचा तो 2022 चा नियम मुळातून वाचला. मोठा आहे, पण आमच्या कामात सहकार खात्याची परिपत्रकं वाचून सवय झालीय. त्यात म्हटलंय की अटी सोप्या आणि स्पष्ट भाषेत असाव्यात, शक्यतो इंग्रजी, हिंदी आणि स्थानिक भाषेत, कार्डधारकाला समजतील अशा. शक्यतो! सगळं घोडं त्या एका शब्दात पेंड खातंय. त्याच नियमात महत्त्वाच्या अटींचं अक्षर कमीत कमी एरियल 12 आकाराचं हवं हे ठरवून दिलंय, त्याला शक्यतो नाही लावलं. म्हणजे अक्षर केवढं हवं ते सक्तीचं आणि भाषा कोणती ती मर्जीवर. 12 काय 24 च्या अक्षरात इंग्रजी छापलं म्हणून आमच्या मिस्टरांना ते समजणार आहे का? बरं तो टॅबही त्या पोराच्या हातात.

गंमत बघा, बँकेने तक्रारीला 30 दिवसात उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, त्यासाठी 14448 नंबर आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. तक्रार मराठीत ऐकून घेता मग अटी मराठीत सांगायला काय हरकत आहे? निम्म्या तक्रारी होणारच नाहीत असं माझं आपलं मत.

आणि व्याजाचंही सांगते कारण बऱ्याच जणांना वाटतं की 45 टक्के व्याज बेकायदेशीर असणार. नाही. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2008 साली 30 टक्क्यांच्या वर व्याज ही अनुचित प्रथा ठरवली होती, पण 20 डिसेंबर 2024 ला सुप्रीम कोर्टाने तो निकाल रद्द केला, म्हणजे ती आडकाठीही गेली. आपल्या राज्यात परवाना असलेल्या सावकाराला बिगरशेती विनातारण कर्जावर 18 टक्क्यांच्या वर लावता येत नाही. सावकार म्हटलं की आपल्या अंगावर काटा येतो आणि कार्ड म्हटलं की पाकिटात जागा करतो. ज्याला वर मर्यादाच नाही ते व्याज निदान घेणाऱ्याला त्याच्या भाषेत कळावं, एवढं तरी मागायला नको का?

लेखात लाउंज, रिवॉर्ड पॉइंट यावर बराच मजकूर होता त्याबद्दल थोडं. आमचं विमान म्हणजे कराड स्टँडवरून सुटणारी स्वारगेट, लाउंज काय करायचाय. पॉइंटचं म्हणाल तर फ्रीजच्या 40 हजारावर 400 पॉइंट मिळाले, एक पॉइंट पंचवीस पैशाला, म्हणजे शंभर रुपये. व्याज आणि जीएसटी मिळून गेले 2,642. माझ्या मते आमच्यासारख्यांनी तीनच गोष्टी बघाव्यात, वर्षाची फी आणि ती किती खर्च केल्यावर माफ होते, पूर्ण बिल नाही भरलं तर व्याज किती, आणि लेट फी किती. बाकी सगळी सजावट. आणि एका बँकेने नाकारलं म्हणून रागाने चार ठिकाणी अर्ज टाकू नयेत, प्रत्येक अर्जाची नोंद सिबिलमधे राहते आणि पुढच्याला वाटतं हा माणूस पैशासाठी धावतोय.

ज्यांचा स्कोरच नाही त्यांच्यासाठी एक साधी वाट आहे जी पंपावर कुणी सांगत नाही. बँकेत 20-25 हजाराची एफडी ठेवायची आणि तिच्यावर कार्ड घ्यायचं, लिमिट एफडीपेक्षा थोडं कमी मिळतं, एफडीला व्याज चालू राहतं, पगाराची स्लिप लागत नाही आणि वर्षभर नीट वापरलं की सिबिललाही कळतं की हा माणूस जिवंत आहे. मी स्वतः तसंच घेतलं, शाखेत जाऊन, समोरच्या मॅडमला एक एक अट मराठीत विचारून. मागे रांग लागली, लोक कुरकुरले, मी उठले नाही.

यांचं ते कार्ड बंद केलं. त्याचीही कथा आहे, पहिल्यांदा फोन केला तर लिमिट वाढवून देतो म्हणाले, दुसऱ्यांदा फी माफ करतो म्हणाले. मग मी मेल टाकली की बाकी शून्य आहे, बंद करायला सांगितल्यावर सात कामाच्या दिवसात बंद करायचं असतं, नाही केलं तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 500 रुपये तुम्ही आम्हाला द्यायचे असतात. पाचव्या दिवशी बंद झालं.

मागणी एवढीच आहे की रिझर्व्ह बँकेने तो 'शक्यतो' काढावा. अर्जदाराने जी भाषा मागितली त्या भाषेत ते एक पानी माहितीपत्रक शेवटच्या ओटीपीच्या आधी त्याच्या स्वतःच्या मोबाईलवर आलं पाहिजे, विकणाऱ्याच्या टॅबवर नाही. आमच्या खासदारांना मी वेगळं पत्र लिहिलंय, बघू.

आणि एक विनंती तुम्हालाही, राग मानू नका. तुमच्या पेपरात कार्डांच्या पानभर जाहिराती येतात, वर मोठ्या अक्षरात छान मराठी, त्याला एक चांदणी, आणि चांदणीचा अर्थ तळाला मुंगीएवढ्या इंग्रजीत. जाहिरात मराठीत छापता तर चांदणीही मराठीत छापा अशी अट तुम्ही घालू शकता की, पान तुमचं आहे. नाहीतर हे पत्र छापून आलं आणि त्याच्या शेजारीच तसली जाहिरात असली तर मिस्टर मला पत्राच्या आधी तीच दाखवणार आहेत.

आपली,
एक नियमित वाचक
कराड, जि. सातारा