‘गरज नसेल तर परत’

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

संपादित जमिनी वर्षानुवर्षे वापराविना पडून असल्याची बातमी आपल्या अंकात वाचली. माझी सगळी नोकरी तलाठी आणि पुढे मंडल अधिकारी म्हणून ताबा पावत्या नि फेरफार लिहिण्यात गेली. म्हणून कॅनडातले एक प्रकरण मांडावेसे वाटते.

मुलीकडे ऑन्टारियोत गेलो होतो. ह्युरॉन सरोवराच्या काठाने जाताना एक लांबलचक कुंपण लागले, आत न फुटलेला दारूगोळा असल्याच्या पाट्या लावलेल्या. ‘ही जमीन कुणाची?’ तोंडून लगेच निघाले. जित्याची खोड!

जमीन स्टोनी पॉइंटच्या चिप्पेवा आदिवासींची. १८२७ च्या करारात त्यांच्या पूर्वजांनी सुमारे २१ लाख एकर इंग्रज सरकारच्या हवाली केले आणि स्वतःपुरत्या चार राखीव वसाहती ठेवल्या. दिलेल्या जमिनीच्या एक टक्काही नव्हत्या त्या. त्यातल्या स्टोनी पॉइंटचाही किनाऱ्याचा पट्टा १९२८ मध्ये विकला गेला आणि १९३६ मध्ये प्रांत सरकारने त्यातला काही भाग घेऊन तिथे इपरवॉश उद्यान केले.

मग महायुद्ध आले. सैन्याला तळासाठी उरलेले २,२४० एकर हवे होते. भाव एकरी १५ डॉलर. वसाहतीने मतदान घेतले: विरोधात ५९, बाजूने १३. सरकारने एप्रिल १९४२ मध्ये युद्धकालीन कायदा लावून जमीन घेतलीच. घरे उचलून शेजारच्या केटल पॉइंटला नेली. याच वसाहतीतले तरुण तेव्हा कॅनडाच्या फौजेत लढत होते. परतले तेव्हा घर जागेवर नव्हते.

आता आदेशातले कलम पाहा. युद्धानंतर सैन्याला गरज नसेल, तर जमीन परत देण्यासाठी वाटाघाटी होतील, तीही ‘वाजवी किमतीला’. म्हणजे आपलीच जमीन विकत घ्यायची! शिवाय गरज आहे की नाही, हे ठरवणार सैन्यच. युद्ध १९४५ ला संपले, पण गरज काही संपली नाही. उन्हाळ्यात शाळकरी कॅडेटांची शिबिरे तिथे भरत राहिली. १९८० मध्ये २४ लाख डॉलर भरपाई मिळाली, जमीन मात्र सैन्याकडेच.

१९९३ मध्ये काही कुटुंबे थेट सैन्याच्या गोळीबार सरावाच्या मैदानात जाऊन राहिली. सप्टेंबर १९९५ मध्ये त्यांनी शेजारचे उद्यानही ताब्यात घेतले, आमच्या वाडवडिलांची दफनभूमी इथे आहे म्हणून. ६ सप्टेंबरच्या रात्री पोलिसांच्या गोळीने डडली जॉर्ज हा निःशस्त्र आंदोलक मेला. गोळी झाडणारा दोषी ठरला, तुरुंगात मात्र गेला नाही. दफनभूमीला पुरावा नाही असे सांगितले जात होते. जॉर्जच्या मृत्यूनंतर काही दिवसांतच सरकारी दप्तरातून १९३७ ची कागदपत्रे निघाली. त्या दफनभूमीचे रक्षण करा, अशी विनंती वसाहतीने तेव्हाच केली होती. कागद होता, फक्त कुणी फाईल उघडली नव्हती. हे वाचताना मला माझ्या जुन्या कार्यालयातली कपाटे आठवली.

न्यायमूर्ती सिडनी लिंडेन यांचा चौकशी अहवाल २००७ मध्ये आला. जमीन परतीचा आणि साडेनऊ कोटी डॉलरचा अंतिम समझोता व्हायला २०१६ उजाडले.

हे दूरदेशीचे वाटेल. पण आपल्या २०१३ च्या भूसंपादन कायद्याचे कलम १०१ काढून पाहा. पाच वर्षे वापर झाला नाही तर जमीन मूळ मालकाला किंवा त्याच्या वारसांना परत करावी, ‘किंवा’ सरकारच्या भूमी बँकेत जमा करावी. हा शेवटचा ‘किंवा’ ज्याच्या हातात, त्याच्याच हातात जमीन. आमच्या पाटण तालुक्यातल्या कोयनेच्या धरणग्रस्तांना असल्या शब्दांची ओळख करून द्यायला नको.

माझी सूचना साधी आहे. तो ‘किंवा’ काढावा. तोवर संपादित जमिनीच्या सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ रकान्यात मूळ खातेदाराचे नाव आणि पाच वर्षे कधी भरतात ती तारीख लिहावी. एका फेरफाराचे काम आहे, तलाठ्याला ते अवघड नाही.

आपला,
एक निवृत्त मंडल अधिकारी, पाटण (जि. सातारा)