ते 'याम' म्हणजे आपलं रताळंच

चि. ओंकार,

अनेक आशीर्वाद.

महाशिवरात्रीला रताळ्याच्या किसाचा लगदा झाला, दुकानात तर पाटी 'याम'ची होती आणि खरा याम म्हणजे आपलं कोनफळ, मग ते कोनफळ होतं का, असं तू विचारलंस. फोटो पाहिला. अरे, ते रताळंच आहे. पातळ तांबूस साल, दोन्ही टोकं निमुळती, आत गर्द नारिंगी. असलं कोनफळ मी तरी उभ्या जन्मात पाहिलेलं नाही.

तुमच्या अमेरिकेतल्या पाट्यांचा घोळ जुना आहे. 1930 च्या दशकात लुईझियानातल्या शेतकऱ्यांनी आपली नारिंगी, ओलसर रताळी इतर राज्यांतल्या कोरड्या, फिक्या रताळ्यांहून वेगळी कळावीत म्हणून 'याम' म्हणून विकायला काढली. ते नाव चिकटलं ते चिकटलंच. थँक्सगिव्हिंगला तुझ्या मित्राच्या घरी पाकातले 'याम' खाल्लेस म्हणालास ना, तीही रताळीच. आणि तू राहतोस त्या नॉर्थ कॅरोलिनात तर साऱ्या अमेरिकेत सगळ्यात जास्त रताळी पिकतात. तेव्हा पाटी वाचत बसू नकोस, कंद हातात घे.

कोनफळाची साल जाड, काळपट, झाडाच्या खोडासारखी खरबरीत असते, वर बारीक मुळ्या चिकटलेल्या. आकाराला काही धरबंध नाही, कधी पंजासारखं फुटलेलं, कधी नुसता ओबडधोबड गोळा. सुरीने कापलंस की आतून जांभळं किंवा पांढरं निघतं आणि लगेच हाताला बुळबुळीत लागतं. शिवाय खाज. कोनफळात सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते कातडीत टोचतात. म्हणून आई कोनफळ सोलायच्या आधी हाताला खोबरेल चोळते. रताळं कापलं की खाज नाही, बुळबुळ नाही. ताजं असेल तर सालीलगत दुधाचे ठिपके तेवढे येतात, आणि तो चीक बोटांना काळा डाग पाडतो.

वेल पाहिलास तर शंकाच उरत नाही. रताळ्याचा वेल जमिनीवर पसरतो आणि त्याला गारवेलीसारखी फुलं येतात, कारण दोघं एकाच कुळातली. कोनफळाचा वेल चौकोनी, कडांना पंख फुटलेले, आणि त्याला चढायला आधार लागतो. विहिरीजवळच्या आंब्यावर आपण चढवतो तोच. पावसाच्या तोंडावर खड्ड्यात शेणखत आणि पालापाचोळा घालून कंद लावायचा, थंडीत पानं वाळली की खणायचा. खणताना पहार लागून निम्मं कोनफळ जमिनीतच राहतं, ही त्याची खोड. करांदेही त्याच जातकुळीतले, पण ते जमिनीत कमी आणि वेलावर जास्त लागतात. चवीला कडसर, मीठ घालून उकडावे लागतात. तुला लहानपणी कधी आवडले नाहीत.

भारतीय दुकानात जाशील तेव्हा एक ध्यानात ठेव. फ्रीजरमध्ये 'रताळू' लिहिलेलं पाकीट दिसलं की रताळं समजून उचलू नकोस. ते दुकानवाले बहुतेक गुजराती. त्यांच्याकडे रताळू म्हणजे जांभळं कोनफळ, आणि रताळ्याला ते शक्करिया म्हणतात. सुरती उंधियूत दोन्ही पडतात. त्यातही कोनफळ आधी आणि रताळं मागाहून, नाहीतर रताळ्याचं पार पिठलं होतं.

आता कीस. नारिंगी रताळ्यात पाणी आणि गोडी जास्त, ते वाफ लागताच बसतं. किसाला वरून जांभळट-लाल आणि आतून पांढरं रताळं लागतं. तुमच्याकडे ते 'जॅपनीज' किंवा 'मुरासाकी' म्हणून मिळतं, आपल्या बेळगावच्या रताळ्याच्या बरंच जवळचं. किसून पाण्यात टाक, नाहीतर काळं पडतं. मग घट्ट पिळून घे. जाड बुडाच्या कढईत तूप, जिरं, हिरवी मिरची, त्यावर कीस. झाकण एकदाच, दोन-तीन मिनिटं, पुढे उघड्यावरच परत. सारखं ढवळू नकोस, कीस तुटतो. मीठ, चिमूटभर साखर, खोबरं, लिंबू, आणि दाण्याचं कूट अगदी शेवटी. आई म्हणते की कूट आधी घातलं तर कीस चिकट होतो. मला फरक कळत नाही, पण मी वाद घालत नाही.

नारिंगी रताळी टाकून देऊ नकोस, त्यांचं काम वेगळं. धुवून, पुसून, अख्खी ओव्हनमध्ये ठेव, आणि ओव्हन गार असतानाच ठेव. रताळ्यातला पिठूळपणा साखरेत बदलणारं विकर (एन्झाइम) साधारण 60 ते 75 अंश सेल्सिअसला जोरात काम करतं. तेवढ्या तापमानातून रताळं जितकं हळू जाईल तितकं गोड होतं. मायक्रोवेव्हमध्ये पाच मिनिटांत शिजतं खरं, पण गोडी येत नाही ती यामुळेच. आपल्याकडे विझत्या चुलीच्या राखेत पुरून ठेवायचे ते उगाच नाही. भाजलेला गर कुस्करून त्यात थोडा गूळ, वेलची आणि मावेल तेवढी कणीक मळ. पाण्याचा थेंब नको. घाऱ्या तळ. उपासाला हव्या असतील तर कणकेऐवजी राजगिऱ्याचं पीठ.

कच्ची रताळी फ्रीजमध्ये मात्र ठेवू नकोस. थंडीने मधला भाग कडक होतो आणि मग कितीही शिजव, मऊ पडत नाही.

कोनफळाचा ताजा कंद मिळाला तर कापच कर. जाड साल काढून अर्धा सेंटीमीटरच्या चकत्या, त्यांना मीठ, हळद, तिखट आणि आगळ, म्हणजे कोकमाचा आंबट रस, चोळ. आगळ नसेल तर लिंबू. तांदळाच्या पिठात थोडा रवा मिसळून घोळव आणि तव्यावर मंद आचेवर, आधी झाकून, मग उघडं. पोटातून शिजलं पाहिजे, कच्चं राहिलं तर घसा खवखवतो. पाकिटातल्या फोडी असतील तर कापांचा नाद सोड, ओलं खोबरं घालून भाजी कर.

आणि उपासाचं तू विचारलंस, अमेरिकेत राहून कसा पाळायचा म्हणून. रताळं, बटाटा, शेंगदाणा, मिरची, साबुदाण्याचा कसावा, सगळं मुळात अमेरिका खंडातलं, पोर्तुगीज वगैरे लोकांबरोबर इकडे आलेलं. आजी हे ऐकून दोन दिवस माझ्याशी बोलली नव्हती. तेव्हा तुला तिकडे काही कमी पडू नये.

पुढच्या खेपेला कंद आधी कापून फोटो पाठव, मग कढई ठेव. आई विचारते आहे, तुझ्याकडे किसणी कुठली आहे? बारीक भोकांची असेल तर ती बदल, किसाला जाडच लागते.

तुझे,
बाबा