कोण किती टाकणार, हे आता मी ठरवणार

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "नुसता चेंडू टाकायला शिकवायचं, त्याला पूर्ण वेळ माणूस कशाला लागतो?" मागून आईचा आवाज आला, "अहो, आता तरी तिला काही बोलू नका." आई, मला अजिबात वाईट वाटलं नाही. पण फोनवर धड बोलणं होत नाही. तुमची जेवणं व्हायची असतात आणि मी सकाळच्या सरावाला निघालेली असते. म्हणून नीट लिहून कळवते.

आधी बातमी. इथे अमेरिकेत आमच्या विद्यापीठाच्या मुलींच्या सॉफ्टबॉल संघाच्या मुख्य प्रशिक्षकांनी यंदापासून पिचिंगची, म्हणजे फलंदाजाला चेंडू टाकण्याची, सगळी जबाबदारी माझ्याकडे दिली आहे. कोणत्या मॅचला कोण टाकणार, मधेच कधी बदलायचं, कोणाला बसवून ठेवायचं, ह्यात शेवटचा शब्द माझा. दुसऱ्या एका मोठ्या विद्यापीठाकडून विचारणा आली होती आणि पगारही बरा होता, पण हा अधिकार तिथे मिळणार नव्हता. मी नाही कळवलं. जिथे चार वर्षं खेळले तिथेच राहतेय, आणि मनापासून राहतेय.

पैशांचं म्हणाल तर आता काळजी नको. मी इथे स्वयंसेवक म्हणून उभी राहायचे आणि भाड्यासाठी संध्याकाळी शाळकरी मुलींच्या शिकवण्या घ्यायचे, तेव्हाची तुमची धाकधूक मला कळत होती. एनसीएएने, म्हणजे इथल्या कॉलेजच्या खेळांचे नियम ठरवणाऱ्या संस्थेने, २०२३ मध्ये ते बिनपगारी पदच काढून टाकलं आणि संघांना पगारी सहायक वाढवायची मुभा दिली. माझी नोकरी त्यातूनच पक्की झाली. पगार वेळेवर होतो, विमाही आहे.

आता तुमचा प्रश्न. क्रिकेटची खेळपट्टी ६६ फुटांची, आमचं अंतर ४३ फूट. त्यात टाकणारी पुढे झेप घेऊन सोडते, म्हणजे आणखी सहाएक फूट कमी. ताशी १०५ किलोमीटर वेगाचा चेंडू फलंदाजाकडे ०.४ सेकंदात पोहोचतो. तेवढ्यात तिने चेंडू ओळखायचा, ठरवायचं आणि बॅट फिरवायची. त्यामुळे वेगापेक्षा चेंडूची फिरकी महत्त्वाची. राइज बॉलला, म्हणजे वर चढतोय असं वाटणाऱ्या चेंडूला, उलटी फिरकी लागते, खाली पडणाऱ्या ड्रॉपला पुढची, आणि संथ चेंज-अपला हात तितक्याच जोरात फिरूनही चेंडू मागे रेंगाळायला हवा. नव्या मुलींना वाटतं आपला राइज बॉल छान फिरतोय. मी चेंडूभोवती इलेक्ट्रिशियनची काळी पट्टी गुंडाळून देते. फिरकी बरोबर असेल तर पट्टी हवेत एक सरळ रेघ दिसते. चुकली की ती डगमगते, आणि मला काही बोलावंच लागत नाही. मग मनगट, बोटं, सोडायची जागा, एकेक करून बसवायचं. एका मुलीचा एक चेंडू बसवायला कधी अख्खं वर्ष जातं. सीझनमध्ये आठवड्याला वीस तासांच्या वर सराव घेता येत नाही, म्हणून उरलेला वेळ व्हिडिओ बघण्यात आणि पुढच्या संघातली कोण काय मारते ते टिपण्यात जातो. मॅचमध्ये मी डगआउटमधून, म्हणजे संघ बसतो तिथून, आकडा सांगते, फलंदाजामागे चेंडू पकडणारी कॅचर मनगटावरच्या तक्त्यात तो शोधते आणि त्यावरून चेंडू ठरतो.

आणि बाबा, हे काम तुम्ही केलेलं आहे. ओहायोतल्या घरामागे उलट्या बादलीवर बसून माझे चेंडू कोण पकडायचं? ऑफिसातून आल्यावर टाय काढून, नडग्यांना माझी जुनी शिनगार्ड बांधून. टाकताना माझा मागचा पाय जमिनीवरून ओढला जात नाही हे आधी तुमच्याच लक्षात आलं होतं, कोच नंतर म्हणाले. ज्याला खेळाची भाषा येत नव्हती त्या माणसाने रोज नीट बघून ते ओळखलं. मी आज तेच करते, फक्त मला त्याचा पगार मिळतो.

पण मी ह्या कामात राहिले ती मुख्यतः मुलींच्या खांद्यांसाठी. "खालून टाकतात, त्यात कसली दुखापत?" असं इथेही वर्षानुवर्षं समजत. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दाखवलं की ह्या पूर्ण फिरणाऱ्या हातात खांद्यावर येणारा ताण वरून फेकणाऱ्याच्या तोडीचा असतो. बेसबॉलमध्ये लहान मुलांनी किती चेंडू टाकायचे त्याला मर्यादा घातली आहे. कॉलेज सॉफ्टबॉलमध्ये तशी मर्यादा नाही. मी खेळायचे तेव्हा शनिवारी सलग दोन मॅच एकीनेच टाकायच्या ही सर्रास पद्धत होती. आई, नाताळच्या सुट्टीत तू तिळाचं तेल कोमट करून माझा खांदा चोळायचीस आणि मी "काही नाही गं" म्हणायचे. त्या वयाच्या सगळ्याच मुली तसंच म्हणतात.

२०२५ च्या जूनमध्ये ओक्लाहोमा सिटीतली कॉलेज सॉफ्टबॉलची तीन मॅचची अंतिम लढत, टेक्सास टेक आणि टेक्सास ह्या दोन विद्यापीठांमधली, तुम्ही माझ्याबरोबर व्हिडिओ कॉलवर बघितलीत. टेक्सास टेकची पिचर नायजारी कॅनडी, जिच्या दहा लाख डॉलरच्या कराराबद्दल बाबांनी दोनदा विचारलं होतं. पहिल्या मॅचमध्ये फलंदाजाला मारता येऊ नये म्हणून तिने मुद्दाम लांब बाहेर टाकलेल्या चेंडूवरच टेक्साससाठी निर्णायक फटका बसला. दुसरी मॅच टेक जिंकलं. तिसरीत पहिल्याच इनिंगमध्ये पाच धावा गेल्या, तिला बाहेर काढावं लागलं आणि टेक्सास १०-४ ने जिंकलं. त्या स्पर्धेत तोवर संघाची जवळजवळ सगळी पिचिंग तिच्या एकटीच्या खांद्यावर होती. विलक्षण खेळाडू आहे ती, आणि तिच्याशिवाय संघ तिथवर पोहोचला नसता. पण मला त्या रात्री झोप लागली नाही. माझ्या हातात असेल तेव्हा मी तीन-चार जणी तयार ठेवीन, हे तेव्हाच पक्कं झालं.

दमलेली मुलगी सांगत नाही, ओळखावं लागतं. आमच्याकडे दुसऱ्या वर्षाची एक डावखुरी आहे. दमली की दोन चेंडूंच्या मध्ये ती हात पँटला एकदा जास्त पुसते. मग तिचा राइज बॉल छातीवर न जाता कमरेशी राहतो, म्हणजे पुढचा चेंडू फटक्याने मैदानाबाहेर जाणारच. वेग यंत्रावर तेव्हाही तेवढाच दिसत असतो. ह्या शरद ऋतूत एका मैत्रीपूर्ण मॅचला मी तिला पाचव्या इनिंगला काढलं, आघाडी एकाच धावेची होती. ती रडली, तिचे वडील कुंपणापाशी येऊन बोलले. मी त्यांचं सगळं ऐकून घेतलं आणि पुढच्या शनिवारीही तेच केलं.

२०२८ च्या ऑलिंपिकमध्ये सॉफ्टबॉल परत येतंय. स्पर्धा लॉस एंजेलिसची असली तरी आमचा खेळ ओक्लाहोमा सिटीत होणार आहे. आपण तिघांनी जायचं, हे मी आत्ताच सांगून ठेवते. त्याआधी इकडे या. फेब्रुवारीत नको, तेव्हा इथे बर्फ असतो आणि आम्ही फ्लोरिडात खेळत असतो. एप्रिलमध्ये घरच्या मैदानावर मॅच आहेत, ऊनही छान पडतं. पायऱ्या चढाव्या लागणार नाहीत अशा जागा मी बघून ठेवल्या आहेत.

बाबा, गुडघ्याचे व्यायाम दोन्ही वेळा करता ना? आईला विचारणार आहे. आई, बीपीची गोळी जेवणानंतर आठवणीने घे आणि नाशिकच्या थंडीत पहाटे फिरायला जाऊ नकोस, ऊन आल्यावर जा. एवढा लांबचा प्रवास झेपेल का ते डॉक्टरांना विचारून रविवारी कळवा, म्हणजे मी तिकिटं काढते.

तुमची,
मनू